गाडीच्या बॉनेटवरचं मेकाँगचं शेवाळ

"शेवाळ?" मी ओरडलेच. "मावशी, आम्ही त्याच्यावरून घसरतो, खात नाही!"

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आपला विहार नव्हता, म्हणून आम्ही नागपूरची बौद्ध मंडळी तासभर ड्राइव्ह करून लाओसहून आलेल्या लोकांच्या विहारात जायचो. ही लाओ मावशी तिथल्या स्वयंपाकघराची मालकीणच. तिचं इंग्रजी मोडकं, माझं नागपुरी, पण आमचं जमायचं झकास.

त्या रविवारी तिने कागदासारखे पातळ, हिरवेगार पापड दाखवले. काइपेन. हिवाळ्यात मेकाँगचं पाणी उतरलं की तिकडच्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दगडांवरचं शेवाळ ओढतात, धुतात, बडवतात, पसरतात, वर टोमॅटोच्या चकत्या, लसूण, तीळ लावून उन्हात वाळवतात. काय चिकाटी म्हणावी बायांची! आणि पापड देखणे किती! मावशीची आई हेच करायची. तिकडच्या लढाईनंतर मावशी नदी ओलांडून थायलंडला पळाली, आई मागेच राहिली आणि तिकडेच वारली. आता तिच्या बहिणीने तिकडून पाकीट पाठवलं होतं. ते भन्तेजींना वाढून, त्याचं पुण्य आईला पोचावं म्हणून मावशीला तिच्या नावाने पाणी सोडायचं होतं. तोवर स्वतः कोपराही मोडून खायचा नाही.

"म्हणजे श्राद्धच की," मी फणकारले. श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा घेतलेली माणसं आम्ही. "बुद्धाने हे कुठं सांगितलंय?"

"तुझी आई आहे?" तिने विचारलं.

"आहे. नागपुरात."

"मग तू गप्प बस."

 

तिने तळायला पहिला काइपेन उचलला, तर तो ओल्या फडक्यासारखा लोंबला. पाकीट उघडं ठेवलं होतं ते नेमकं चिकट भाताच्या वाफेशेजारी. मावशीचा चेहराच उतरला. बारा टळले की भन्तेजी घास घेत नाहीत, आणि अकरा तर वाजून गेलेले. ती तसेच तळायला निघाली.

"अवो मावशी, तेल पिऊन चामडं होईल त्याचं!"

सादळलेल्या पापडाचं काय करायचं हे विदर्भातल्या बाईला शिकवावं लागत नाही. मी ते बाहेर नेले आणि गाडीच्या बॉनेटवर कापड टाकून पसरले. टेक्सासचं ऊन ते, बाप्पा! मावशी शेजारी उभी राहून माश्या हाकलत होती आणि पुटपुटत होती. बघता बघता कडा ताठ झाल्या.

आत पठण सुरू झालं. तिला समोर बसणं भाग होतं. तिने झारा माझ्या हातात दिला. "तू तळ. करपवू नको."

 इतकी वर्षं वाट बघून मिळालेली वस्तू, आणि ती माझ्या भरवशावर सोडून ही बाई आत गेली. तेलात टाकला की लगेच काढायचा, जरा उशीर झाला की कडू. एकेक करून तळले सगळे.

ताट वेळेत पोचलं. मी मावशीजवळ टेकले. ती हात जोडून, मान खाली घालून बसलेली. वर बघायची तिची हिंमत होत नव्हती. म्हाताऱ्या भन्तेजींनी पहिला काइपेन तोडला आणि त्या शांत हॉलमध्ये कर्रकन आवाज झाला.

मावशीने मला कोपराने ढोसलं. "ऐकलंस?" तोंडभर हसू आणि डोळ्यांना धारा.

"ऐकलं, मावशी."

जेवणं आटोपल्यावर ती आईच्या नावाने पाणी सोडायला लागली, तेव्हा कुणी न सांगता मी तिच्या हाताला हात लावला.