मिरचीनं वळखलं

हसनाबादच्या एसटीत माझ्या शेजारी शेतकी कॉलेजची एक मुलगी बसली होती. सारखी मोबाईल बघायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. अचानक ओरडली, "वळखलं!"

प्रयोगासाठी तिनं रोगाचे जंतू टोचलेल्या मिरचीच्या रोपाचा फोटो कॉलेजातून आला होता. पानावर एकच वाळका डाग.

"पान तर जळालं की," मी म्हणालो.

"जळू द्या, काका! जंतूनं पेशीत आपलं प्रथिन सोडलं, ते पेशीनं बराबर वळखलं. मंग ती सोता मेली, पण रोग पुढं जाऊ दिला न्हाई. झाड जगलं!"

असल्याच रोगानं मिरची गमावलेले आम्ही सगळे. फोटो गाडीभर हातोहात फिरला. तिचा फाटा मागं पडल्याचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून ती हसत हसत मागं फाट्याकडं चालू लागली.