पाटीवरचा बॅनर

उल्हासनगर कॅम्प पाचमधून निघालो तेव्हा इतकं धुकं होतं की रिक्षा दुधातून चालल्यासारखी वाटत होती. नाक्यावर दालपकवान (कुरकुरीत पुरी आणि हरभऱ्याची डाळ) घेतलं. खिशात एक कागद होता.

पूर्वी मी सहली काढायचो. बदलापूरच्या पुढे नदीकाठी नेलेल्या एका सहलीत अंबरनाथचा प्रकाश पाण्यात उतरला. पाणी पोटात गेलं आणि पुढे तो काविळीने गेला. चौकशीत मी जबाब लिहून दिला, 'पाणी दूषित असल्याची पाटी समोर होती. त्यांनी ऐकलं नाही.' पाटी होती हे खरं. पण तिच्यावर माझ्याच सहलीचा बॅनर होता. बांधायला दुसरे खांब नव्हते. बांधताना मी पाटी वाचलीही होती.

अंबरनाथच्या कामगार वसाहतीत प्रकाशची बायको सुधाताई दारातच भेटली.

"जयभीम, काका. सहलीवाले ना? आता कुठे नेताय?"

मी कागद पुढे केला. सगळं खरं त्यात लिहिलं होतं. तिने उभ्यानेच वाचला. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

"पोराला मी सांगत आले, तुझ्या बापाने समोरची पाटी बघूनही उडी मारली," ती म्हणाली. मग चपला घातल्या. "चला. जागा दाखवा."

बदलापूर मागे पडलं. कारखान्यांची धुराडी धुक्यात विरघळली, भाताची खोडकं उरलेली शेतं आली आणि मग नदी. संथ, रुपेरी, बगळ्यांनी टिंबं दिल्यासारखी. इतकी सुंदर की पाणी स्वच्छ आहे यावर माझाही पुन्हा विश्वास बसला असता.

तेच दोन खांब होते. त्यांच्यावर 'वन डे पिकनिक, स्वागत' असा बॅनर. पाण्यात गुडघाभर माणसं.

मी नायलॉनच्या दोरीची गाठ सोडू लागलो. टोपीवाला आयोजक धावत आला.

"ओ काका! हात काय लावताय? बॅनर आपला आहे."

"खाली काय लिहिलंय ते वाच आधी," सुधाताई दुसरी गाठ सोडत म्हणाली.

"माहितेय हो, ताई. पब्लिकचा मूड जातो."

तेव्हा मीही मनाशी हेच म्हटलं होतं. बॅनर खाली पडला. काठावरच्या एका बाईने पाटी वाचली आणि ती पाण्यातल्यांना हाका मारायला लागली. माणसं एकेक करून बाहेर आली.

परतताना धुकं विरलं होतं. खोट्या जबाबाची शिक्षा काय ते आता कळेलच. इतकी वर्षं लोकांना नदी दाखवली, पाटी दाखवली ती आज.

अंबरनाथ आलं, तरी सुधाताई रिक्षातून उतरली नाही.

"कागद कुठल्या ऑफिसात द्यायचा?"

"मी देतो. तुम्ही कशाला येताय?"

"तुमच्या एकट्याच्या सहीवर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. मी सरकून तिला नीट जागा करून दिली.