मावशीचं कार्ड, आईची पॉलिसी

रविवारी बुद्धवंदना आटोपली की केजमधल्या आमच्या विहाराच्या ओसरीत मी सतरंजी टाकून बसते. म्हातारी माणसं येतात. कुणाला सरकारी कार्ड काढायचं असतं, कुणाला ते कुठल्या दवाखान्यात चालतं ते विचारायचं असतं, कुणाच्या मुलानं शहरातून पॉलिसी घेऊन दिलेली असते आणि तिच्यात नक्की काय मिळणार हे मुलालाही ठाऊक नसतं. मी पूर्वी पतसंस्थेत कारकून होते. ते काम सुटल्यावर आरोग्य विम्याची एजंट झाले. पॉलिसीचं मला कमिशन मिळतं, कार्डाचं काम मी फुकटच करते. लोक मला मानतात. बाजारात रस्ता अडवून विचारतात, "ताई, मोतीबिंदू बसतो का ह्याच्यात?" मी उभ्या उभ्या सांगते आणि ते ऐकतात.

ऐकत नव्हती ती फक्त माझी आई.

आई माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत. तिला मी कितीदा सांगितलं होतं, रेशनकार्डावर राज्याची योजना तुला आहेच, पण ती ठरलेल्या दवाखान्यांत, ठरलेल्या उपचारांना. बाकीच्यासाठी वर एक छोटी पॉलिसी घे, अजून धडधाकट आहेस तोवर घे. ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय? तुझ्या कंपनीला गिऱ्हाईक पायजे म्हणून मला बिमार पाडती का?" हे ती शेजारणींसमोर म्हणायची, आणि शेजारणी हसायच्या. त्याच शेजारणी रविवारी माझ्यासमोर सतरंजीवर बसलेल्या असायच्या.

मग सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकारकडून उपचारांचं वेगळं कार्ड मिळायला लागलं आणि आष्टीहून मावशी आली.

मावशी आईची पाठची बहीण. आईनं तिला कडेवर घेऊन सांभाळलेली. ती आईला आक्का म्हणते. दोघींनाही कार्ड काढून द्यावं म्हणून मी मोबाइल घेऊन आईच्या घरी गेले. मावशीचं आधार टाकलं, चेहऱ्याचा फोटो घेतला, कार्ड झालं. आईचं टाकलं तर बसेना. मी पुन्हा बघितलं. आधारवर आई पासष्टीच्या आसपास, आणि मावशी सत्तरी ओलांडलेली.

काय झालं असेल ते लगेच कळलं. मावशीनं उमेदीची वर्षं ऊसतोडीत काढली, तिचे केस चाळिशीतच पांढरे झाले. आईचे अजूनही निम्मे काळे आहेत. आधार काढणाऱ्यानं दोघींना जन्मसाल विचारलं असेल, दोघींनी "लिवा की तुमीच" म्हटलं असेल, आणि त्यानं चेहरे बघून लिहिलं असेल.

मावशीला हसू आवरेना. "आता तूच मला आक्का म्हण बाई," ती म्हणाली.

आई हसली नाही. "कावून? हिला मी दूध पाजलंय वाटीनं. हिला बोलता येत नव्हतं तवा मी दळण दळत होते. आन् कार्ड हिला?"

"आई, तुला रेशनकार्डावरची योजना आहे. दवाखाने बरेचसे तेच आहेत."

"ते सगळ्या घराला हाय. हे हिच्या एकटीच्या नावचं हाय."

आधारची दुरुस्ती करता आली असती, पण त्यासाठी जन्माचा पुरावा लागतो. आई शाळेत गेलेली नाही. मावशीला कडेवर घेऊन फिरल्याच्या आठवणीशिवाय तिच्याकडे पुरावा नव्हता. संध्याकाळी मावशी कार्डाचा छापील कागद पिशवीत घालून आष्टीच्या गाडीत बसली, तर आई तिला सोडायला स्टँडवरसुद्धा आली नाही. मी आईच्या घरी परतले तेव्हा ती चुलीपुढं बसून पुटपुटत होती. "तिला पहिल्यापासून सगळं मिळालं. पोरगं बी तिलाच मिळालं."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतं. पण मी दारातच उभी होते, आणि मी तिची एकुलती एक मुलगी आहे.

ते पोरगं म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे. मावशी आणि काका दर वर्षी दिवाळीनंतर कारखान्यावर जायचे, तेव्हा शाळा बुडू नये म्हणून तो आमच्याकडे राहायचा, गुढीपाडव्यापर्यंत. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तो आला की आईच्या कुशीतली जागा त्याची व्हायची आणि मी वडिलांच्या अंथरुणाशेजारी जायचे. दुधावरची साय त्याला. "त्याचे मायबाप दूर हायेत," आई म्हणायची. मला ते पटायचं आणि तरी ती साय मला दिसत राहायची. तो जायचा त्या दिवशी आई जेवायची नाही. मी मनातल्या मनात दिवस मोजायचे, तो जाण्याचे आणि नंतर तो परत येण्याचे.

मावशी गेल्यावर आठवडाभरानं त्याचा आईला फोन आला. मावशीनं कार्डाची हकीकत त्याला सांगितली होती. मी तिथेच होते, शेंगा निवडत.

"मोठीमाय, तू काळजी करू नको," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी पॉलिसी घेतो. सरकारी आहे ते राहू दे, वरून ही असू दे. तुझं वय आता वाढणार, आत्ताच घ्यायला हवी."

शब्द न् शब्द माझा होता. दोन वर्षं मी तेच सांगत होते. आईनं फोन कानाला घट्ट धरला आणि म्हणाली, "तू म्हणतो तर घे बाबा. तुला कळतंय."

मी शेंगा तशाच ठेवून उठले. परसात जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. अर्ध्या तालुक्याला मी हे समजावून सांगितलं आहे, पण माझ्या आईला ते पुण्याहूनच कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि ऑनलाइन अर्ज भरायला घेतला. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, जणू कंपनी तिला बघणार होती. नाव, पत्ता, वजन झालं. मग त्यानं विचारलं, "काही आजार? बीपी, शुगर?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "बीपीची गोळी चालू आहे. तीन वर्षं झाली."

"ताई, एकच गोळी ना? ती नको लिहायला. उगाच अटी घालतील. मोठीमायची तब्येत तर माझ्यापेक्षा चांगली आहे."

"लिही," मी म्हणाले. "लपवलं आणि उद्या काही झालं, तर दवाखान्याचे कागद मागतील, जुनी चिठ्ठी सापडेल आणि एक पैसा देणार नाहीत. मी बघितलंय असं होताना."

"अगं, त्यो म्हणतोय ना नको म्हणून," आई म्हणाली.

"त्याला माहीत नाही. मला माहीत आहे."

"तुला माझं बरं झालेलं बघवतच न्हाई," आई फोनसमोर म्हणाली. "लहानपणापासून बघवत न्हाई. त्यो माझ्यासाठी काही करायला लागला की तू मधी पाय घालती."

फोनमधला माझा भाऊ खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मोठीमाय, ताई रोज हेच काम करते. ती सांगते तसंच लिहितो."

आणि त्यानं लिहिलं. तो आडमुठा असता, घमेंडी असता, तर मला किती सोपं गेलं असतं. पण तो भला आहे. माझी बाजू घेऊनसुद्धा आईच्या नजरेत तोच चांगला ठरला, आणि मी त्याला बोलायला लावणारी. मी बरोबर होते, आजही तेच सांगेन. पण "त्याला माहीत नाही" हे म्हणताना तोंडात गोडी आली होती, ती काही आईच्या काळजीची नव्हती.

कंपनीनं आईला बीडला तपासणीला बोलावलं. पॉलिसी आली, पण बीपीमुळे होणाऱ्या आजारांना पहिली काही वर्षं काही मिळणार नाही अशी अट घालून. आईनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "झालं का समाधान?" त्यानंतर मी गेले की ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

पावसाळा संपता संपता मावशी केजला आली. दोघी बहिणींचं तोवर फोनवर जमलं होतं. मावशीनंच पुढं होऊन "आक्का" म्हणून हाक मारली होती. चार दिवस राहीन म्हणाली. दुसऱ्याच सकाळी आईच्या न्हाणीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

आईचा फोन मला आला. पुण्याला नाही, मला. "लवकर ये," एवढंच म्हणाली.

मी जीप ठरवली, मावशीला मागच्या सीटवर आडवं केलं आणि बीडला नेलं. योजनेत असलेला, हाडाचं ऑपरेशन होणारा दवाखाना मला माहीत होता. जवळचा म्हणून दुसरीकडे गेलो असतो तर कार्ड चाललं नसतं. तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला मी आधीच फोन केला होता. मावशीचं कार्ड लावलं, अंगठा घेतला, एक्स-रे योजनेच्या ऑफिसला पाठवला, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. आई सगळा वेळ माझ्या मागून मागून चालत होती. एका खिडकीशी तर तिनं माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं. ती सकाळ मला आवडली, हे लिहायला जड जातं, कारण मावशी तिथं कळवळत होती.

मी फोनवर कळवलं होतं; पडल्याच्याच दिवशी दुपारी उशिरा भाऊ पुण्याहून पोचला. वॉर्डाच्या दारात आधी आई उभी होती. तो वाकला, तिच्या पाया पडला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आई त्याची पाठ थोपटत राहिली. "मी हाय ना," ती म्हणत होती. ओढणी कधीच सुटली होती. मी कागदांची पिशवी घेऊन आत मावशीच्या खाटेजवळ गेले.

मावशीला दारातलं सगळं दिसत होतं. पाय मी मोडून घेतलाय आणि हा रडतोय तिच्या गळ्यात, असं काही ती मोठ्यानं म्हणाली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बघ."

मी कागदांची पिशवी खाटेखाली ठेवली.

"त्याला कमावता केला ऊस तोडून," ती म्हणाली. "घरी यायचे तवा त्यो मला वळखायचा बी न्हाई. तुझ्या मायचं लुगडं धरून लपायचा. आता बी फोन केला की पयलं विचारतो, मोठीमाय कशी हाय. मी काय बोलू? तिनंच सांभाळलंय. पर लई जळतंय गं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात जळणारी मी एकटीच. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मावशी, तो आला की माझी झोपायची जागा जायची."

"ठाव हाय की मला," मावशी म्हणाली. "तवा मला लई बरं वाटायचं. म्हणायचे, हिला तर माय बारा म्हैने हाय."

मला राग यायला हवा होता. पण मावशी ते इतकं सरळ बोलली की मला हसू फुटलं, आणि मला बघून तिला. हसताना खुबा दुखला म्हणून ती कण्हली आणि पुन्हा हसली. आई आत आली, मागून भाऊ. "काय झालं? कशाला हसताय?" आईनं विचारलं. तिला कुणी सांगितलं नाही. ती दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली, आपल्याला वगळून काहीतरी चाललंय हे ओळखून तिचा चेहरा बारीक झाला. तेवढा वेळ मी तो बारीक राहू दिला.

ऑपरेशन नीट झालं. कार्डावर सगळं बसलं; वॉकर आणि नंतरची औषधं भावानं घेतली. बाहेर चहा पिताना तो मला म्हणाला, "ताई, तू नसतीस तर मला काहीच सुधरलं नसतं. मोठीमायच्या अर्जाचंही तू म्हणालीस ते बरोबर होतं. ऑफिसात एकाच्या वडिलांचं अगदी तसंच झालं, गोळी लिहिली नव्हती म्हणून सगळं नाकारलं."

"हे आईला सांग," मी म्हणाले.

"सांगतो," तो म्हणाला, आणि त्यानं सांगितलं, माझ्यासमोर. आई लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी मान हलवून म्हणाली, "बघ, त्याला किती कळतंय."

मावशी दोन महिने आईकडेच राहिली. वॉकर घेऊन ती गल्लीत फिरायची, आई मागून चालायची, आणि भेटेल त्याला आई सांगायची की हिचं सगळं सरकारी कार्डावर झालं, आणि माझ्यासाठी पोरानं पुण्याहून वेगळी पॉलिसी काढली आहे, बीपी लिहून, काही न लपवता, म्हणजे उद्या अडायला नको.

अशाच एका रविवारी आईच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या विहारात आल्या. जय भीम घातला, सतरंजीवर टेकल्या.

"बाई," त्यातली एक म्हणाली, "तुझ्या भावानं तुझ्या मायला काढून दिली ना, तसली पॉलिसी पायजे आमाला. त्याला विचारून सांगती का?"

मी चष्मा पुसला. "सांगते," म्हणाले. "आधी सांगा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"