चौदा नंबरचा फोन

सरोवरकाठच्या आमच्या आरोग्यधामात काही बिघडलं की माणसं तीस वर्षं एकच गोष्ट करायची: चौदा नंबर फिरवायची. चौदा नंबर म्हणजे तळघर, आणि तळघर म्हणजे तेमिरकुल आके. (आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला एजे.) नळ, तारा, बॉयलर, कुलुपं, सगळ्याला हा एकच मिस्त्री. वय त्रेसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, तोंड मात्र ठणठणीत. बायको कालिचा तीन वर्षांमागे वारली, लेक राजधानीत, बिश्केकला. घरी बोलायला चार भिंती. जे काही बोलायचं ते चौदा नंबरवर. आणि फोन करणारा तरी सरळ ‘नळ गळतोय’ म्हणेल? छे! आमच्यात तसं कुणी बोलेल तर लोक म्हणतील, याच्या घरी कुणी वळण लावलं नाही वाटतं. आधी तब्येत, मग गुडघा, मग लेक, नातू, गाय व्यायली का, आणि मग कुठे नळ. तोवर त्या नळाने बादली भरलेली असायची.

सप्टेंबरात पाहुणे आपापल्या घरी गेले आणि आमच्या संचालकांच्या, जेक्शेनसाहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं. यापुढे दुरुस्तीची तक्रार संगणकावरच. फोन करायचा नाही. संगणक सांभाळायला आहे अनारकुल, चाळिशीची, मागच्या इमारतीत एकटी राहणारी. तिला फर्मान सुटलं. बिचारी आठवडाभर कर्मचाऱ्यांच्या खोलीखोलीत फिरली, सेहेचाळीस संगणकांवर ते तक्रारींचं सॉफ्टवेअर घातलं, प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिला.

धुलाईघराच्या सोनुनबुबू एजे म्हणाल्या, “पासवर्ड कशाला गं? माझ्याकडे चोरायला आहे काय, ओले टॉवेल?”

“एजे, काहीतरी घाला हो. लक्षात राहील असं.”

“मग मेंढीचं नाव घालते. नवऱ्यापेक्षा तीच जास्त आठवते.”

तिसऱ्या दिवशी तळघरातून हाक आली. आके चष्मा कपाळावर चढवून पडद्यासमोर बसले होते.

“अनारकुल, वाच बघू.”

तिने वाचलं. ‘सलाम तेमिरकुल आके, बरे आहात ना? गुडघा काय म्हणतो? लेक येऊन गेली का? थंडी वाढलीय, जपा बरं का. आमच्या खोलीतला’. संपलं. तक्रारीला जागा शंभर अक्षरांची, ती सगळी ख्यालीखुशालीनेच खाल्ली होती. अशा एकोणीस तक्रारी, आणि एकीतही बिघाडाचा पत्ता नाही.

आके हसून हसून खोकायला लागले. “माझं काय बिघडलंय ते अख्ख्या गावाला ठाऊक, आणि त्यांचं काय बिघडलंय ते मला कळेना!” मग लंगडत लंगडत एकोणीसच्या एकोणीस खोल्या फिरून आले. प्रत्येक खोलीत चहा, बोरसोकचे तळलेले गोळे, गप्पा. संध्याकाळी परतले ते एखाद्या नवरदेवाच्या बापासारखे.

जेक्शेनसाहेब मात्र भडकले. “हे आरोग्यधाम आहे की सोयरिकीची बैठक? लिहायची जागाच काढून टाक!”

“जागा पाचशे अक्षरांची करू का?” अनारकुल हळूच म्हणाली. “आकेंना कुणी विचारणारं नाही हो दुसरं.”

“तू संगणकाचं बघ.”

तिने बघितलं. जास्त भांडायला हवं होतं, पण भांडली नाही. त्याची लाज तिला आजही वाटते. लिहायची जागा गेली. आता फक्त निवडायचं: खोली कोणती, वस्तू कोणती, बिघाड कोणता. काम इतकं सुरळीत चालू झालं की विचारू नका. माणसं बटण दाबून किल्ली दाराला लावून जेवायला जायची. आके यायचे, रिकाम्या खोलीतला नळ आवळायचे, ‘काम झालं’चं बटण दाबायचे, परत खाली.

नोव्हेंबरात एक तक्रार आली. खोली: तळघर. वस्तू: टेलिफोन. बिघाड: वाजत नाही.

टेलिफोनचं काम अनारकुलकडेच. ती खाली गेली. आकेंनी फोन खोलून, पुसून, पुन्हा जोडून ठेवला होता.

“मी सगळं बघितलं,” ते म्हणाले. “घंटा नीट आहे, तार नीट आहे. मग बिघाड वर, तारा जोडतात त्या पेटीत असणार. दीड महिना झाला, एकदाही वाजला नाही.”

अनारकुलने रिसीव्हर कानाला लावला. स्वच्छ आवाज येत होता. फोनला काहीच झालं नव्हतं.

“वरची पेटी बघते हं,” एवढंच ती म्हणाली.

वर येऊन तिने कुठली पेटीबिटी उघडली नाही. सरळ चौदा नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिकडे उचलला.

“बोला! तेमिरकुल बोलतोय!”

“मी अनारकुल. कसे आहात आके? गुडघा काय म्हणतो?”

“बराय, बराय. काय बिघडलंय?”

“काही नाही हो. सहज केला. लेक येणार होती ना?”

“अच्छा, वाजतो का ते बघतेस होय!” आके खूश होऊन म्हणाले. “वाजला की गं, झकास वाजला! गुणाची पोर. चल, आता ठेव लवकर, लाईन अडवू नकोस. एवढे दिवस लागत नव्हता, आता सगळे करतील.”