शोभाचा फ्लेक्स

दुपारच्या मालिकेतली सासू मेली, म्हणून मी ती भूमिका करणाऱ्या आमच्या खुटबावच्या शोभाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लावला, वर झेंडूचा हारही घातला.

परवा नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला आन् ती जुनी सकाळ आठवली. फ्लेक्स वाचून भांडगावचे पाहुणे तिच्या आईच्या दारात रडत होते, तेवढ्यात बॅग घेऊन शोभाच आली. आधी ती पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "मामा, काम सुटलं तवा तिकडून कुणाचा फोनबी न्हाई आला. तुम्ही हार तरी घातला."

मी फुशारलो. एवढ्या वर्षांचं काम गेलेल्या पोरीला त्या झेंडूचंही बरं वाटलं, हे मला आता कळतं.

तिची आई मात्र ओरडली, "अरं, उतरव तो हार! पोरगी जिती हाय, मेलंय ते तुझं डोकं!"