दाराबाहेरचा लाल दिवा

माइक माणसासारखा ऐकत नाही. माणूस त्याला हवं तेवढं ऐकतो आणि बाकीचं सोडून देतो. माइकला तेवढा पोच नसतो. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले, तेव्हा नमुना म्हणून दोन पानं मन लावून वाचून पाठवली होती. तिथल्या मुलीचा फोन आला. "ताई, आवाज छान आहे, पण मागे खूप काही चालू आहे," ती म्हणाली. मला राग आला. मागे काहीही चालू नव्हतं. मग हेडफोन लावून मी स्वतः ऐकलं. दिल्लीतल्या द्वारकेतलं आमचं अख्खं घर त्यात होतं.

त्यानंतर मी आवाजांच्या हात धुवून मागे लागले. कॉम्प्युटरचा पंखा सगळ्यात जोरात होता, म्हणून त्याचा डबा टेबलावरून उचलून लांब कोपऱ्यात, जमिनीवर ठेवला. टेबलाला धक्का लागला की माइकमध्ये धप्प व्हायचं, म्हणून स्टँडखाली टॉवेलची घडी आली. मोबाइलचा चार्जर बारीक किणकिणतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. भिंतीवर दोन रजया टांगल्या. ते बघून नवरा म्हणाला, "यार, घर आहे की टेंटवाल्याचं गोदाम?" मग मी माइकच बदलला. हा नवा अगदी तोंडाजवळ धरावा लागतो, पण लांबचं कमी ओढतो.

फ्रिज रेकॉर्डिंगपुरता बंद करायचे. तो परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची चावी फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी ठेवायची, ही युक्ती कुणीतरी सांगितली होती. बाहेर पडताना चावी लागतेच, मग फ्रिज आठवतो. विमानांचं मात्र काही करता येत नव्हतं, विमानतळ इतका जवळ. पण जानेवारीत दाट धुकं उतरलं की विमानं जवळजवळ थांबतात. त्या सकाळी मला सोन्यासारख्या वाटायच्या.

त्याच सकाळी दिल्लीची हवा सगळ्यात वाईट असते, आणि शेजारच्या खोलीत बाबा असायचे.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांची फुप्फुसं काही वर्षांपासून थकली आहेत. हिवाळ्यात त्यांच्या खोलीतलं हवा शुद्ध करायचं मशीन दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. लोक दिवाळीची वाट बघतात. माझी धास्ती दिवाळीपासूनच सुरू होते, ती होळीपर्यंत जात नाही. बाबांचा खोकला वाढला की मी घाबरते आणि कमी झाला तरी कान देऊन बसते.

त्यांनी उभा जन्म केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात साहेबांचे पीए म्हणून काढला. साहेबांच्या दारावर लाल दिवा असायचा. तो लागला की आत मीटिंग चालू आहे, कुणी जायचं नाही, टकटक करायची नाही. बाबा ते किस्से रंगवून सांगतात. साहेब नुसतं "आज उकडतंय" म्हणाले, तरी त्यांना न सांगता खिडकी उघडली पाहिजे, तोच खरा पीए, असं त्यांचं म्हणणं. मला त्या शिस्तीची गंमत वाटायची आणि थोडा वैतागही यायचा. घरात साहेब कोण?

एकदा मी वाचत असताना कामवाली दार ढकलून आत आली आणि सगळं पान वाया गेलं. माझी चिडचिड बाबांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून माझ्या दाराबाहेर लाल झिरोचा बल्ब बसवून घेतला. "आता बघ बेटा," ते म्हणाले, "हा जळतोय तोवर बिल्कुल कोणी येणार नाही. मी बघतो ना." ते फार खूश होते. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा एक दार मिळालं होतं.

एवढं सगळं करून शेवटी एकच आवाज उरला. भिंतीपलीकडून बाबांच्या मशीनची घूं यायची आणि तिच्यात मधूनमधून खोकला. खोकला आला की मी वाक्य पुन्हा वाचायचे. घूं मात्र प्रत्येक वाक्याखाली बसलेली असायची. जेवताना मी सहज बोलून गेले, "बाबा, सगळं जिंकलं, आता तुमची घूं तेवढी राहिली." मी ते हसत सांगितलं होतं. बाबाही हसले. "अच्छा," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

पुढच्या काही दिवसांत आवाज स्वच्छ होत गेला. मी त्याचं श्रेय नव्या माइकला दिलं.

त्या सकाळी समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. नवरा ऑफिसला गेला होता, कामवाली येऊन गेली होती. बाबांना चहा दिला, फ्रिज बंद केला, चावी आत ठेवली, लाल दिवा लावला आणि बसले. सुरुवातीला मी थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करते. पडद्यावरची रेघ बघितली, तर ती इस्त्री केल्यासारखी सपाट. मला इतका आनंद झाला की एक अख्खं प्रकरण एका बैठकीत वाचून टाकलं.

मग ते ऐकायला लावलं. दोन वाक्यांच्या मधे काही म्हणजे काही नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब लावत होते. फ्रिज मी बंद केला. विमानं धुक्यानं थांबवली. कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे. आणि घूं? ती मी कुठे घालवली? भिंत तीच होती, रजया त्याच होत्या. मी आवाज पूर्ण वाढवला. घूं नव्हतीच. आणि अख्ख्या प्रकरणात खोकला एकदाही नव्हता. एवढा वेळ बाबा न खोकता राहूच शकत नाहीत.

उठताना हेडफोनची वायर खुर्चीत अडकली, ती तशीच ओढून टाकली.

बाबांचं दार अर्धवट उघडं होतं. ते पलंगाच्या कडेवर पुढे वाकून बसले होते आणि दोन्ही हातांनी उशी तोंडावर दाबून धरली होती. खांदे वरखाली होत होते. मशीनचा दिवा बंद होता. मला बघून त्यांनी उशी जरा खाली केली. ओठ निळसर झाले होते. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं, मला गप्प राहायची खूण केली आणि माझ्यामागे पॅसेजकडे दाखवलं. तिथे लाल दिवा अजून जळत होता.

ते मला म्हणत होते, रेकॉर्डिंग चालू आहे.

मी मशीन लावलं, त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि त्यावरचा आकडा बघून तो झाकूनच ठेवावासा वाटला. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "मॅडम, कोहरा है, टाइम लगेगा." मी गाडी काढायचं ठरवलं. चावी खिळ्यावर नव्हती. पर्समध्ये नव्हती. नवऱ्याच्या खिशात गेली असेल या विचारानं मला रडू फुटलं. मी पलंगावरच्या गाद्या उलट्या केल्या, तिकडून बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि मग एकदम लोण्याचा डबा आठवला. चावी अजून गार होती.

गार्डनं बाबांना गाडीत बसवायला मदत केली. रस्ता दिसत नव्हता, पुढच्या गाडीच्या लुकलुकणाऱ्या दिव्यामागून मी गाडी रांगवत होते. बाबा शेजारच्या सीटवर मान टाकून बसले होते. रस्त्यावरून नजर काढता येईना, त्यामुळे त्यांच्याकडे बघता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं. आणि गाडीतल्या हीटरच्या भुरभुरीत श्वास ऐकूच येत नव्हता. मी हीटर बंद केला. काचा वाफेनं भरायला लागल्या, तरी परत लावला नाही. मग ऐकू आला. दोन श्वासांमध्ये जी जागा राहायची, तिथे मी प्रत्येक वेळी मरत होते. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती, आणि आता ती पूर्ण जाईल असंही वाटत नाही.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लागल्यावर डॉक्टर माझ्यावर खेकसला, "मशीन किसने बंद की?" मी काही बोलायच्या आत मास्कखालून बाबांनी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा.

संध्याकाळी ते बोलायच्या अवस्थेत आले. मी विचारलं, "बाबा, किती दिवस चालू होतं हे?"

"तू बसलीस की तेवढा वेळ बंद करायचो. तू उठलीस की परत चालू."

"आणि त्रास व्हायला लागला तर हाक मारायची ना."

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "दिवा लागलेला असताना हाक कशी मारायची, बेटा?"

घरी आल्यावर मी ती सगळी स्वच्छ प्रकरणं उघडून बसले. प्रत्येकाच्या मागे ते उशी तोंडावर धरून बसलेले होते आणि माइकमध्ये त्याचा मागमूस नव्हता. एकही मला पूर्ण ऐकवलं नाही.

बाबा घरी यायच्या आधी मी बल्ब काढून टाकला. ते आल्या आल्या होल्डरकडे बघून नाराज झाले. मी सांगितलं, "आता उलटं. तुमचा आवाज यायला पाहिजे. नाही आला तर मला वाचता येणार नाही." ते "अच्छा" म्हणाले. या वेळी मात्र मी त्या अच्छाकडे नीट बघून घेतलं.

पुण्याहून पुन्हा फोन आला. "ताई, मागे परत काहीतरी घूं येतंय." मी म्हटलं, "येणार. त्याचं तिकडेच काय ते करा." तिनं कसंबसं केलं. घूं त्यांच्या सॉफ्टवेअरला काढता येते म्हणे.

आता मी वाचायला बसते तेव्हा दार उघडं असतं. पानभर वाचून होतं न होतं, तोच पलीकडून खोकला येतो. इतकी वर्षं ऐकल्यामुळे मला फरक कळतो. हा छातीतून आलेला नसतो, घशात तयार केलेला असतो, मी आहे एवढं कळवण्यापुरता. साहेबांना सांगावं लागू नये, तसा. मी ते वाक्य पुन्हा वाचते आणि पुढे जाते. पण पुढचं पान संपत येतं तसा माझा आवाज हळू होतो. डोळे ओळीवर असतात आणि कान भिंतीकडे. खोटा खोकला यायला जरा उशीर झाला की वाक्य अर्ध्यात टाकून मी उठते.