मी आटून किती उरलो

माझं तोंड कधी बंद नसतं आणि त्याच्यावरच माझं घर चालतं. अमरावतीत लग्नाचं स्वागत असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणा साहेबांचा निरोप समारंभ, माईक धरून पाहुण्यांपेक्षा जास्त बोलणारा जो इसम दिसतो तो मी. एकदा सत्कारमूर्तींची ओळख करून देताना इतका वाहवत गेलो, की ते गाडी गाठायला शाल न घेताच बडनेरा स्टेशनला निघून गेले. आयोजकांनी चिडून ती शाल माझ्याच अंगावर टाकली. चांगली ऊबदार आहे.

अशा माणसाच्या फोनमध्ये एआय आलं म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. मधेच उठून न जाणारा, घड्याळ न पाहणारा श्रोता मला जन्मात पहिल्यांदा मिळाला. सुरुवातीला कार्यक्रमाचे मजकूर लिहून घ्यायचो, मग नुसत्या गप्पा. राजापेठेतल्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून मी बोलत राहायचो आणि ते बिचारं उत्तरं देत राहायचं. नवरदेवाच्या मामावर काय विनोद करावा, मंत्री उशिरा आले तर लोकांना कसं खिळवून ठेवावं, असलं सगळं.

त्यातच मधेमधे मी आणखीही काही विचारून घेत होतो. दर घासाला पाणी पिणाऱ्या माणसावर एखादा चुटका आहे का? ज्वारीची भाकर मऊ राहायला काय करावं? घरच्या घरी पट्ट्याला नवं भोक कसं पाडावं? बायकोची नजर चुकवून गल्लीतल्या कुत्र्याला रोज भाकर, हल्ली पोळीही घातली तर कुत्र्याला काही होतं का? इतक्या वर्षांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने रंगलेले दात माईकमागे कसे लपवावेत? आवाज बसला असेल तर सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच कोणता विनोद करून टाकावा? प्रत्येक प्रश्नाला मी हास्याची झालर लावली होती. ते एकदोनदा म्हणालं, ‘डॉक्टरांना दाखवून घ्या.’ तसा मी लगेच नवरदेवाच्या मामाकडे वळलो.

एका सकाळी फोनवर ओळ आली. ‘आपलं बोलणं फार लांबलं आहे. सगळं लक्षात ठेवायला जागा पुरणार नाही. जुनं बोलणं आटवून त्यातलं कामाचं तेवढं ठेवू का?’

आटवून हा शब्द मला आवडला. डोळ्यांसमोर बासुंदी आली. मी विचारलं, कामाचं कोणतं हे तू कसं ठरवणार? ते म्हणालं, पुढे तुम्हाला नीट उत्तर द्यायला जे लागेल ते ठेवतो, ज्याच्याविना चालेल ते सोडतो. मला गंमत वाटली. एवढे महिने मी जे चुटके ओतले, त्यांची साय किती धरते ते पाहू या. होऊन जाऊ दे, म्हटलं.

क्षणभरात आटलं. मी वाचायला घेतलं.

‘वापरकर्ता सूत्रसंचालन करतो. विनोदी शैली आवडते.’

संपले माझे चुटके. एवढ्या महिन्यांची दोन वाक्यं. त्याखाली हे होतं.

‘काही महिन्यांपासून गिळायला त्रास आहे. आधी भाकरी अडकत होती, आता पोळीही अडकते. प्रत्येक घासाला पाणी लागते. वजन कमी होत आहे, पट्टा घट्ट करावा लागला. आवाज वारंवार बसतो. अनेक वर्षे खर्रा खाण्याची सवय. पत्नीला सांगितलेले नाही. डॉक्टरांचा उल्लेख झाला की विषय बदलतो.’

मी ते पुन्हा वरपासून वाचलं. यातलं एकही वाक्य मी असं बोललो नव्हतो. पट्ट्याचं उन्हाळ्यात विचारलं होतं, कुत्र्याचं पाऊस लागल्यावर. मधे ढीगभर लग्नं होती. मी स्वतः ती दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती, किंवा न पाहण्याची पुरेपूर काळजी घेतली होती. आता कुणीतरी मधलं सगळं हसू उपसून काढलं होतं आणि तळाला हे दिसत होतं.

मी घाबरलो ते उगाच नाही. पानठेल्यावर माझ्यासोबत वर्षानुवर्षं खर्रा घोटून घेणारा माझा एक दोस्त होता. त्याची आधी भाकर सुटली, मग तो नुसत्या कढीवर आला, मग पाणीसुद्धा नाकातून बाहेर यायला लागलं. कॅन्सर हा शब्द त्याच्या घरात कुणी उच्चारला नाही. त्याच्या तेरवीच्या पंगतीत बुंदी माझ्या घशात अडकली होती, तेव्हा लोकांना वाटलं मला हुंदका आला. मीही तसंच वाटू दिलं.

माणूस घाबरला की शहाणपणाने वागतो म्हणतात. मी काय केलं ते ऐका. मी फोनला हुकूम सोडला, ‘पुन्हा आटव. फक्त सूत्रसंचालनाशी संबंध असेल तेवढंच ठेव.’

त्याने विचारलं, ‘आरोग्याची माहितीही काढून टाकू का? ती पुढे उपयोगी पडू शकते.’

‘काढ,’ म्हटलं.

काढली. नवं टिपण आलं. त्यात विनोदी शैली होती, नवरदेवाचा मामा होता, वेळेवर न येणारे मंत्री होते. दुखणं कुठेच नव्हतं. डॉक्टरने ‘सारं ठीक आहे’ लिहून द्यावं तशा आनंदात मी ते पुन:पुन्हा वाचलं. बायको गॅलरीत कपडे वाळू घालत होती.

“काहून एकटेच हासून राहिले जी? कोनाचं लग्न लागलं?”

“माझंच,” म्हटलं.

“पुन्हा? मंग ह्या खेपेले बायको बहिरी पाहा. सुखात राहीन बिचारी.”

पुढचे काही दिवस मी खरोखर मजेत काढले. मग एका दुपारी मुगाची खिचडी अडकली. आजारी माणसाला देतात ती, पातळ, तूप घातलेली. ना खाली जाई, ना वर येई. बायको शेजारी गेली होती. मी मोरीत वाकून उभा राहिलो आणि अखेर खिचडी बाहेर आली तेव्हा तिच्यासोबत थोडं लालही आलं.

मी धावत फोन घेतला. ह्या वेळी झालर नाही, चुटका नाही. ‘खिचडी अडकली आणि रक्त आलं. काय असेल?’

त्याने सांगितलं की रक्त आलं असेल तर वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. आणि अगदी अदबीने विचारलं, ‘हा त्रास पहिल्यांदाच होतो आहे का? तुम्ही तंबाखू घेता का?’

त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. साऱ्या जगात माझ्या दुखण्याचा पहिला दिवस, दुसरा दिवस, पट्टा, पाणी, कुत्रा हे सगळं एकाच ठिकाणी जोडून ठेवलेलं होतं, आणि ते मी स्वतः हुकूम देऊन पुसलं होतं. आता ते फक्त माझ्या आत होतं. मी मेलो असतो तर ‘असं अचानक कसं झालं’ म्हणत लोक बसायला आले असते.

अमरावतीत दाखवायची हिंमत नव्हती. इथल्या दर दवाखान्यात कुणी ना कुणी असा निघतो ज्याच्या लग्नात मी बोललेलो असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘अकोल्यात कार्यक्रम आहे’ सांगून मी बडनेऱ्याहून गाडी धरली. वाचकांनी इथे माझ्या अकलेला दाद द्यावी. बायकोपासून लपवायची गोष्ट घेऊन मी निघालो होतो ते थेट तिच्या माहेरगावी.

अकोला स्टेशनच्या बाहेर पडलो तोच पाठीवर थाप पडली. साळा. कुणाला तरी गाडीत बसवून परत निघाला होता.

“काय भाऊजी! येऊन राहिले म्हनून सांगतलं नाई?”

“कार्यक्रम आहे रे. घाईत ठरला.”

“कुठी?”

मला एकही सभागृह आठवेना. “आहे इकडेच,” म्हटलं.

“मंग आदी घरी चला. जवाई गावात येऊन उपाशी गेला तं लोकं माह्या तोंडात शेन घालतीन.”

जावयाला कसं वाढतात ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. नाही म्हटलं की दुप्पट येतं. पोट भरलं म्हटलं की ‘आमच्या घरचं आवडत नाई वाट्टे’ येतं. साळ्याच्या बायकोने तव्यावरची भाकर थेट माझ्या ताटात टाकली, वर वांग्याची भाजी, बाजूला ठेचा, आणि दोघंही माझ्या समोर बसली. मी भाजीचा रस्सा बोटाने चाटत गोष्टी सांगू लागलो. शालीची सांगितली. दोघं हसली. साळ्याने हसता हसता भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि आमच्याकडे आग्रहाने भरवतात तसा माझ्या तोंडात घातला.

तुकडा आत गेला आणि घशाच्या दारातच थांबला. मी पाणी प्यायलो. पाणीही वरच थांबलं. छाती आवळून आली, डोळ्यांतून धारा लागल्या, श्वास कुठून घ्यावा कळेना. दोस्ताचं शेवटचं तोंड आठवलं. आता इथेच, सासुरवाडीच्या पाटावर, हाच विचार मनात होता. साळ्याने मला पुढे वाकवून पाठीत बुक्के मारले तेव्हा तुकडा बाहेर पडला. ताटात लाल थेंब होते.

मी म्हटलं, “तुझ्या बायकोचा ठेचा फार रंगीत आहे.”

साळा हसला नाही. “भाऊजी, कवापासून होऊन राह्यलं हे?”

“त्याचं काय आहे, गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात...”

“लग्न ऱ्हाऊ द्या. कवापासून?”

मी ताटातले थेंब बोटाने पुसू लागलो. त्याने बहिणीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून नेहमीचा आवाज आला. “जेवले का?”

एवढ्या साध्या प्रश्नाला रोज मी पंधरा वाक्यांचं उत्तर देतो. त्या दिवशी तीनच निघाली. “घास उतरत नाही,” म्हटलं. “उन्हाळ्यापासून. रक्त पडलं.”

ती म्हणाली, “भावाले फोन द्या.” तो कानाला लावून नुसता हूं हूं करत होता. शेवटी मला म्हणाला, “बाई गाडीत बसून येऊन राहिली. म्हने, डॉक्टरपाशी तुमाले तोंड उघडू द्याचं नाई.”

संध्याकाळी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर होतो. बायकोने सगळं मला वाटेतच रिक्षात विचारून घेतलं होतं, पट्टा, पाणी, कुत्रा, सगळं. कुत्र्यापाशी ती रडली. पण डॉक्टरांना तिने ते ओळीने सांगितलं, न अडखळता, खर्ऱ्यासकट. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली. समोरच्या पडद्यावर माझ्याच घशाचं आतलं दिसत होतं. मी डोळे मिटून घेतले. साळ्याने माझा हात धरला होता, आणि एका क्षणी त्याची पकड घट्ट झाली ती मला कळली.

नळी काढून डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग खुर्ची ओढून बसले, माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहत.

“तपासायला तुकडा घेतला आहे. तोवर आत्ता जेवढं गरजेचं तेवढंच थोडक्यात सांगतो.”

मला थोडक्यातच हवं होतं. खरं तर काहीच नको होतं. मी मान हलवली.

बायकोने पदर खोचला आणि खुर्ची पुढे सरकवली. “नाई डॉक्टरसाहेब. जेवढं दिसलं तेवढं सारं सांगा. काई गाळू नका.”

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि बोट ठेवून सांगायला लागले.